पाहुणे गेले, आधार फोनमध्येच राहिलं

दिवेआगर, गुहागर, गणपतीपुळे, तारकर्ली, कुठेही जा. होमस्टेवाल्याच्या फोनची गॅलरी खाली सरकवत गेलं की समुद्र, मोदकांचं ताट, नातवाचा वाढदिवस दिसतो, आणि मधेमधे परक्या माणसांची आधार कार्डं. बुकिंगच्या वेळी 'आयडी पाठवा' म्हटलं, पाहुण्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. ते गॅलरीत उतरलं, तिथून गूगल फोटोजवर चढलं, आणि 'बुकिंग' नावाच्या घरच्या ग्रुपमधून भाचा, वहिनी आणि मुंबईतला भाऊ यांच्याही फोनवर गेलं. पाहुणे रविवारी परत गेले, कार्डं राहिली.

खासगीपणाचा विषय निघाला की गावात हमखास ऐकू येतं, "माज्याकडे चोरूक आसा काय?" तुमच्याकडे नसेल, पण दुसऱ्यांचं भरपूर आहे. होमस्टे असो, हापूसच्या पेट्यांची ऑर्डर घेणारं घर असो, की डॉल्फिन दाखवणारी होडी असो, शेकडो लोकांची नावं, नंबर, पत्ते आपल्या फोनमध्ये साठलेले असतात. म्हणून हा लेख व्हीपीएनपासून (आपलं नेट दुसऱ्याच्या सर्व्हरमधून वळवणाऱ्या अ‍ॅपपासून) नाही, गॅलरीपासून सुरू होतो.

पुढे सांगितलेली बहुतेक साधनं मुक्त सॉफ्टवेअर आहेत. पैसे लागत नाहीत, आणि त्यांचा सोर्स कोड कुणालाही वाचता येतो. तुम्ही-मी तो वाचत बसणार नाही. पण वाचणारे आहेत, आणि आत कुणी काही गुपचूप घुसडलं तर बोंब होते. सगळं एका दिवसात करायला जाऊ नका. पावसाळ्यात सीझन बंद असतो, तेव्हा एकेक करत जा.

आधी आवराआवर

यासाठी काहीच डाऊनलोड करायचं नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये चॅट्स उघडा आणि 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद करा. यापुढे आलेले फोटो गॅलरीत दिसणार नाहीत. मग गूगल फोटोजमध्ये बॅकअपच्या सेटिंगमध्ये 'बॅक अप डिव्हाइस फोल्डर्स' शोधा आणि व्हॉट्सअ‍ॅप इमेजेसचा फोल्डर बंद करा.

हे झालं पुढचं. जुनं शोधायला गूगल फोटोजच्या शोधपट्टीत इंग्रजीत 'आधार' किंवा 'गव्हर्नमेंट ऑफ इंडिया' टाइप करा. फोटोतला मजकूर गूगल वाचतं, त्यामुळे बरीचशी कार्डं एका रांगेत समोर येतात. (ती इतक्या सहज सापडतात हेच पुरेसं बोलकं आहे.) निवडून डिलीट करा, आणि मग ट्रॅशही रिकामा करा. बॅकअप झालेले फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतात. शेवटी व्हॉट्सअ‍ॅपमध्ये स्टोरेज अँड डेटा, त्यात मॅनेज स्टोरेज. तिथे चॅटवार फाइली दिसतात. बुकिंगचा ग्रुप तिथूनच साफ करा. वहिनी आणि भावाच्या फोनवरही हेच करावं लागेल. तुमच्या फोनवरून पुसलं म्हणून त्यांच्याकडचं पुसलं जात नाही.

यापुढे कार्डाचा फोटो मागवूच नका. बुकिंगच्या उत्तरात एवढं लिहा: 'येताना मास्क्ड आधार किंवा ड्रायव्हिंग लायसन्स सोबत आणा. फोटो पाठवायची गरज नाही, आल्यावर बघून रजिस्टरमध्ये नोंद करू.' पाहुण्यांना बरंच वाटतं. मास्क्ड आधारात पहिले आठ आकडे झाकलेले आणि शेवटचे चार दिसतात. यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर ई-आधार डाऊनलोड करताना 'मास्क्ड' हा पर्याय निवडला की ते मिळतं. त्या पीडीएफला पासवर्ड असतो, पण तो म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मसाल. नाव माहीत आहे आणि वयाचा अंदाज आहे अशा कुणालाही तो पाच मिनिटांत सापडेल. तेव्हा 'पासवर्ड आहे ना' म्हणून ई-आधारची फाइल इकडेतिकडे फिरवू नका.

किती नोंद ठेवायची हे आपल्या पोलीस ठाण्यात विचारून घ्या, आणि तेवढीच ठेवा. परदेशी पाहुणा असेल तर फॉर्म सी २४ तासांच्या आत ऑनलाइन भरावाच लागतो, त्याला पळवाट नाही. पण कारण संपल्यावर माहिती ठेवून देणं हे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यालाही मान्य नाही. दुसऱ्या कायद्याने ती ठेवायला सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी.

ठेवावंच लागतं ते कुलपात

लॅपटॉपवर काही प्रती ठेवाव्याच लागत असतील, शिवाय घरचे सातबारा, खरेदीखतं, मेडिकलचे रिपोर्ट स्कॅन करून ठेवले असतील, तर त्यासाठी व्हेराक्रिप्ट. विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतं. यात एक फाइल तयार होते, आणि पासवर्ड दिला की ती फाइल पेनड्राइव्ह लावल्यासारखी वेगळी ड्राइव्ह म्हणून उघडते.

व्हेराक्रिप्ट उघडून 'क्रिएट व्हॉल्यूम' दाबा. 'एन्क्रिप्टेड फाइल कंटेनर' (म्हणजे कुलूपबंद फाइल) निवडा, पुढे 'स्टँडर्ड'. फाइल कुठे ठेवायची ते सांगा आणि तिला साधंसं नाव द्या. 'गुप्त' असं नाव देण्यात अर्थ नाही. एन्क्रिप्शनचे पर्याय आहेत तसेच राहू द्या. आकार २ जीबी पुरेसा होतो. पासवर्ड दिल्यावर एक पडदा येतो ज्यात आकडे भराभर बदलत असतात, आणि खाली एक पट्टी असते. तिथे माउस वेडावाकडा फिरवत राहायचं. त्या फिरवण्यातूनही किल्लीसाठी लागणारी अनियमितता गोळा होते. पट्टी भरली की 'फॉरमॅट'. रोजच्या वापरात एखादं ड्राइव्हचं अक्षर निवडा, 'सिलेक्ट फाइल', 'माउंट', पासवर्ड. काम झालं की 'अनमाउंट' (जुन्या आवृत्तीत 'डिसमाउंट'). ही शेवटची पायरी लोक विसरतात, आणि उघडी ड्राइव्ह म्हणजे कुलूप लावून किल्ली तिथेच ठेवणं. पासवर्ड विसरलात तर मात्र फाइल गेली. मागच्या दाराने उघडून देणारी कंपनी इथे नाही.

झेरॉक्सच्या दुकानात

कोकणात कागदपत्रांची सगळ्यात मोठी गळती बहुधा इथे होते, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. बाजारपेठेतलं दुकान, समोर चार माणसं उभी, कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप वेब कायम चालू. 'ह्या नंबरवर पाठवा' म्हणतात. आपण बँकेचं पासबुक, पॅन, रेशन कार्ड पाठवतो, तो डाऊनलोड करतो, प्रिंट काढतो, दहा रुपये घेतो. घरी येऊन आपण 'डिलीट फॉर एव्हरीवन' दाबतो आणि निश्चिंत होतो. पण चॅटमधून गेलेली फाइल त्याच्या डाऊनलोड फोल्डरमध्ये जशीच्या तशी असते. दुकानदार लबाड आहे असं नाही. त्याला पुसायला वेळ नसतो एवढंच. तिथे काम शिकायला बसलेल्या पोरालाही ते सगळं दिसतं.

उपाय असा की प्रिंट होताच तिथेच उभं राहून, 'दादा, तेवढी फाइल डाऊनलोडमधून आणि रिसायकल बिनमधून उडवा' म्हणायचं. पहिल्यांदा संकोच वाटतो. शक्य असेल तिथे झाकलेली प्रतच पाठवा. झाकायला फोनचा मार्कर वापरू नका: बऱ्याच मार्करांची शाई किंचित पारदर्शक असते, आणि फोटोचा उजेड वाढवला की खालचे आकडे वर येतात. लिब्रेऑफिसमध्ये टूल्स मेनूत 'रिडॅक्ट' आहे. त्यात नको असलेल्या जागेवर चौकोन ओढा आणि तिथल्याच 'रिडॅक्टेड एक्स्पोर्ट'ने पीडीएफ काढा. नव्या पीडीएफमध्ये पान चित्राच्या रूपात जातं, खालचा मजकूर उरतच नाही.

घरात महिन्याला चार कागद छापायचे असतील तर साधा काळापांढरा प्रिंटर घेऊन टाकावा असं माझं मत. मुक्त सॉफ्टवेअर नाही, पण सगळ्यात मोठं भोक त्यानेच बुजतं.

ब्राउझर

अँड्रॉइड फोनवर फायरफॉक्स घ्या. मेनूत सेटिंग्ज, तिथे 'एन्हान्स्ड ट्रॅकिंग प्रोटेक्शन' हे 'स्ट्रिक्ट'वर, आणि 'एचटीटीपीएस-ओन्ली मोड' (फक्त सुरक्षित जोडणीची पानं उघडणारा) चालू. मग मेनूतल्या एक्स्टेन्शन्समधून यूब्लॉक ओरिजिन टाका. नाव पूर्ण वाचा, नुसत्या 'यूब्लॉक' नावाचं दुसरंच काहीतरी आहे. यूब्लॉक ओरिजिन रेमंड हिल या एका माणसाने सुरू केलं, आणि तो देणग्याही घेत नाही. हे जाहिराती तर अडवतंच, पण त्यांच्या मागून आपला माग काढणारे ट्रॅकरही अडवतं. वर फायदा असा की पानं हलकी होतात. वाडीत एकच दांडी रेंज असते तिथे बातमी उघडते तरी. क्रोममध्ये २०२४ नंतर गूगलने एक्स्टेन्शनचे नियम बदलले आणि मूळ यूब्लॉक ओरिजिन तिथे बंद पडलं. आता क्रोमसाठी त्याची 'लाइट' आवृत्ती आहे, ती कमी ताकदीची आहे.

एखादं सरकारी पान 'स्ट्रिक्ट'मध्ये नीट उघडलं नाही तर पत्त्याच्या बाजूची ढाल दाबून त्या पानापुरतं संरक्षण बंद करा, सगळीकडचं नको.

पासवर्ड, आणि लाइट गेल्यावरचे पासवर्ड

होमस्टेचं इन्स्टाग्राम, गूगलवरची नोंद, बुकिंगचं ईमेल या तिन्हींना मिळून एकच पासवर्ड, आणि तो म्हणजे घराचं नाव अधिक १२३. हे चित्र इतकं नेहमीचं आहे की त्यावर जास्त बोलायला नको. खातं ज्याच्या हातात गेलं तो नंबर बदलतो, आणि तुमच्या फोटोंवर तुमच्या नावाने आगाऊ पैसे घेतो.

उपाय म्हणजे प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड, आणि ते सगळे एका कुलपात ठेवणारं अ‍ॅप. त्यात बिटवॉर्डन चांगलं आहे, फुकटही आहे, सगळ्या फोन-लॅपटॉपवर आपोआप सारखं राहतं. शहरात राहणाऱ्याला मी तेच सांगेन. किनाऱ्यावर मात्र माझा कल कीपासकडे आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, त्यानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कित्येक गावांत लाइट आणि नेटवर्क दोन्ही दिवसच्या दिवस नव्हतं. कीपासची फाइल आपल्याच फोनमध्ये असते, तिला कुणाच्या सर्व्हरची गरज नाही.

लॅपटॉपवर कीपासएक्ससी, अँड्रॉइडवर कीपासडीएक्स. लॅपटॉपवर 'न्यू डेटाबेस' करा आणि मुख्य पासवर्ड म्हणून पाच-सहा असंबद्ध शब्द घ्या. शब्दकोश डोळे मिटून उघडा, बोट ठेवा, शब्द उचला, पुन्हा उघडा. 'कोयंडा सुतळी पन्हं दिवाण होडकं' असं काहीतरी निघतं. (हेच घेऊ नका, इथे छापून झालं.) ते इंग्रजी अक्षरांत लिहा, मराठी कीबोर्ड प्रत्येक ठिकाणी मिळेलच असं नाही. आरतीतली ओळ, अभंग, मुलांची नावं नकोत. शब्द स्वतः 'सुचवून' निवडले तर ते एकमेकांशी जोडलेलेच निघतात, म्हणून शब्दकोश.

मग एकेक खातं भरत जा. नवी नोंद करताना पासवर्डाच्या चौकटीशेजारी फाशाचं चिन्ह आहे. ते दाबलं की यंत्रच लांबलचक पासवर्ड बनवतं. आधी ईमेल, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड ईमेलवरून बदलता येतात. मग इन्स्टाग्राम आणि गूगल. बाकीचे सावकाश. डेटाबेसची फाइल यूएसबी केबलने फोनवर घ्या, कीपासडीएक्समध्ये उघडा, आणि अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ऑटोफिल (पासवर्ड आपोआप भरणारी) सेवा म्हणून तेच निवडा. बदल नेहमी लॅपटॉपवर करायचे आणि फोनवर नुसती प्रत न्यायची, असा नियम ठेवलात तर गोंधळ होत नाही. झालाच, तर कीपासएक्ससीमध्ये दोन फाइली एकत्र करणारी 'मर्ज' सोय आहे. मुख्य पासवर्ड कागदावर लिहून, जिथे घराचे कागद आणि दागिने असतात तिथे ठेवा. कपाट फोडून कीपास उघडणारा चोर अजून कोकणात आलेला नाही.

सोबत एजिस हे अ‍ॅप. गूगल, इन्स्टाग्राम, फेसबुक यांच्या दुहेरी पडताळणीत (पासवर्डानंतर आणखी एक कोड मागतात तिथे) एसएमएसऐवजी 'ऑथेंटिकेटर अ‍ॅप' निवडायचं, पडद्यावरचा क्यूआर एजिसने स्कॅन करायचा, आणि दर तीस सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड तिथे दिसू लागतो. त्याला रेंज लागत नाही. टॉवर बंद असताना ओटीपीची वाट बघत छपरावर चढायची वेळ येत नाही. एजिसच्या सेटिंग्जमधून एन्क्रिप्टेड बॅकअप काढून लॅपटॉपवर ठेवा. फोन पाण्यात पडला तर कोडही पाण्यात. बऱ्याच बँका मात्र एसएमएसवरच अडून आहेत, तिथे इलाज नाही.

अ‍ॅप कुठून घ्यायची

वरची बहुतेक अ‍ॅप प्ले स्टोअरवर आहेत, आणि नवख्याने तिथूनच घ्यावीत. मुक्त अ‍ॅपचं वेगळं भांडार म्हणजे एफ-ड्रॉइड, २०१० पासून चालू आहे. ते घेण्यासाठी ब्राउझरला 'अननोन अ‍ॅप्स'ची परवानगी द्यावी लागते. एफ-ड्रॉइड बसलं की ब्राउझरची परवानगी लगेच काढून घ्या. कारण हाच दरवाजा ठगही उघडायला लावतात: व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाची पत्रिका येते, आरटीओचं चलन येतं, आणि फाइलीच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असतं, म्हणजे ती अ‍ॅप बसवणारी फाइल असते. पत्रिका कधी एपीके नसते. दाबून बसलात आणि खात्यातून पैसे गेले तर १९३० वर लगेच फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

घरातलं बोलणं

पाहुण्यांशी व्हॉट्सअ‍ॅप सोडून बोलता येणार नाही, उगाच हट्ट नको. तिथे चॅट बॅकअपमध्ये जाऊन 'एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप' चालू करा, नाहीतर चॅट कुलूपबंद आणि त्याची ड्राइव्हवरची प्रत उघडी असा प्रकार होतो. घरच्या माणसांसाठी मात्र सिग्नल हे मेसेजचं अ‍ॅप. बँकेचे तपशील, जमिनीची बोलणी, दवाखान्याचे कागद तिथे. अकाउंटमध्ये 'रजिस्ट्रेशन लॉक' चालू करा, म्हणजे तुमचा नंबर दुसऱ्या फोनवरच्या सिग्नलला जोडायला पिन लागतो. प्रायव्हसीत 'फोन नंबर' कुणालाच दिसू नये असं ठेवा. २०२४ पासून नंबर न देता यूजरनेम देता येतं. 'डिसअपिअरिंग मेसेजेस' चार आठवड्यांवर ठेवलं की आवराआवर आपोआप होते. आजीला सिग्नलवर आणायचं असेल तर गणपतीत आणा, नातवंडं घरात असतात आणि कुणीतरी शेजारी बसून दाखवतं.

फोटो

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'लोकेशन टॅग' असतो, तो बंद करा. चालू असेल तर प्रत्येक फोटोच्या आत अक्षांश-रेखांश लिहिले जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो 'फोटो' म्हणून पाठवला तर ते गळून पडतात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर तसेच जातात, आणि दर्जा चांगला राहावा म्हणून हल्ली बरेच जण तसाच पाठवतात. जुने फोटो स्वच्छ करायला एफ-ड्रॉइडवर स्क्रॅम्बल्ड एक्झिफ आहे: गॅलरीतून फोटो 'शेअर' करायचा, यादीत ते निवडायचं, ते आतली माहिती पुसून पुन्हा शेअरची यादी दाखवतं.

होमस्टेचं लोकेशन लोकांना कळायलाच हवं, त्याची भीती नाही. अंगणात खेळणाऱ्या पोरांच्या फोटोचं नको. वेळास, आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेचं ताजं घरटं दिसलं तर त्याच्या फोटोचंही नको, अंडी पळवणारे अजून आहेत. आणि चाकरमान्यांनी गावच्या घरातल्या आरतीचे फोटो त्याच दिवशी जगजाहीर केले, की मुंबईतल्या खोलीला दहा दिवस कुलूप आहे हेही जाहीर होतं. परत गेल्यावर टाका, बाप्पा रागावत नाहीत.

वाय-फाय आणि नेट

पाहुण्यांना वाय-फाय देता, तर राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' चालू करून त्याचाच पासवर्ड भिंतीवर लावा. तुमचा लॅपटॉप आणि सीसीटीव्हीचा डबा मूळ नेटवर्कवर. राउटरचा आणि सीसीटीव्हीचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला, आणि कॅमेरा गेटकडे ठेवा, पाहुण्यांच्या पडवीकडे नको.

अँड्रॉइड ९ पासून नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' आहे. डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा. तिथे क्वाड-नाइन या डीएनएस सेवेच्या संकेतस्थळावर दिलेलं होस्टनेम टाकलं की पत्त्यांची ही चौकशी साध्या मजकुरात बाहेर जात नाही, आणि घातक म्हणून माहीत असलेली पानं उघडतच नाहीत. स्टेशनवरच्या वाय-फायचं लॉगिन पान यामुळे कधी अडतं. तेवढ्यापुरतं 'ऑटोमॅटिक' करा.

व्हीपीएनबद्दल थोडक्यात. त्याने फक्त एवढंच होतं की तुम्ही काय बघता ते नेट कंपनीऐवजी व्हीपीएनवाल्याला दिसतं. फुकट व्हीपीएन अ‍ॅपपैकी बरीचशी याच दिसण्यावर जगतात. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नोंद पाच वर्षं ठेवावी असा आदेश काढला, तेव्हा काही कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच हलवले. लागलंच तर प्रोटॉन व्हीपीएन: अ‍ॅप ओपन सोर्स आहे आणि फुकटची योजनाही आहे. रोजच्या वापराला बहुतेकांना गरज नाही.

नकाशासाठी ऑरगॅनिक मॅप्स. महाराष्ट्राचा नकाशा एकदा उतरवला की आंबा घाटात रेंज नसतानाही चालतो, आणि तुम्ही कुठे गेलात याची नोंद कुणाकडे जात नाही. वाडीतल्या पाणंदी त्यात नसतात कधीकधी.

जुना लॅपटॉप

विंडोज १० ला नियमित मिळणारे सुरक्षेचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. घरातला लॅपटॉप विंडोज ११ घेत नसेल तर फेकू नका, विंडोजच्या जागी चालणारं फुकटचं लिनक्स मिंट टाका. आधी सगळ्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर. मग ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट चढवा आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करा. काहीही न पुसता ते चालवून बघता येतं. वाय-फाय लागतं का, मराठी टाइप होतं का, आणि मुख्य म्हणजे तुमचा प्रिंटर ओळखतो का, हे तिथेच बघून घ्या. पटलं तर इन्स्टॉल करताना 'अ‍ॅडव्हान्स्ड फीचर्स' उघडून एन्क्रिप्शनवर खूण करा. ती खूण नंतर करता येत नाही, पुन्हा सगळं बसवावं लागतं.